खडीवरचे चार चतकोर

करंजाड्यात कुणाला पक्षी बघायची हुक्की आली की गाडी काढून कर्नाळ्याला जायचं, असा रिवाज आहे. आमच्या इमारतीमागच्या रिकाम्या प्लॉटवर पक्षी बघायला कोण जाईल? तिथे खडीचा थर आहे, फुटक्या टाइल्स आहेत, शेळ्यांच्या लेंड्या आहेत. एप्रिलच्या अखेरीस आठ दिवस मी गॅलरीतून त्या प्लॉटकडे बघत होतो. तिथे रोज एक टिटवी त्याच जागी बसलेली दिसायची आणि ती उठली की खाली नुसती खडी दिसायची. शेवटी दुर्बीण लावली, तेव्हा त्या खडीतले चार दगड जरा जास्तच गुळगुळीत वाटले.

घरटं म्हणावं असं तिथे काही नव्हतं. टिटवी जमीन थोडी उकरते, छातीने दाबून उथळ खळगा करते, कडेला खडे आणि लेंड्या जमवते, बांधकाम संपलं. अंडी मातकट करड्या रंगाची, वर काळपट डाग. प्रत्येकाचं एक टोक निमुळतं आणि चारही निमुळती टोकं आतल्या बाजूला, एकमेकांना भिडवलेली. थाळीत भाकरीचे चार चतकोर परत जुळवून ठेवावेत तशी. या मांडणीमुळे चार मोठी अंडी एकाच पोटाखाली मावतात. ती मोठी का असतात, ते पुढे कळेल.

टिटवी चिखल्यांच्या कुळातली, म्हणजे किनाऱ्यावरच्या पाणपक्ष्यांची सख्खी. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत चिखलातून तुरुतुरु धावणाऱ्या त्यांच्या अनेक जाती उन्हाळा लागला की घर मांडायला उत्तरेला निघून जातात, काही तर थेट सायबेरियापर्यंत. टिटवी जात नाही. इथल्याच उघड्या जमिनीवर, इथल्याच उन्हात तिचा संसार चालतो. झाडाचा आसराही नाही, कारण पायाचं मागचं बोट अगदीच इवलं असल्यामुळे तिला फांदी धरून नीट बसता येत नाही.

आता उन्हाचं बघा. आपण म्हणतो, पक्षी अंडी उबवतो. पनवेलच्या मे महिन्यात, भर दुपारी, तापलेल्या खडीवर हा शब्द हास्यास्पद ठरतो. अंड्यातल्या जिवाला साधारण 37-38 अंश मानवतात. चाळिशीच्या पुढे तो धोक्यात येतो, आणि उन्हातली खडी चाळिशी केव्हाच ओलांडते. म्हणजे सकाळी ऊब देणारी टिटवी दुपारी नेमकं उलटं काम करत असते. ती अंड्यांवर टेकून बसत नाही. पाय थोडे ताणून, पंख सैल सोडून, चोच उघडी टाकून त्यांच्यावर उभी राहते. स्वतःची छत्री करते.

त्यावरही भागलं नाही तर ती पाण्याकडे जाते. करंजाड्यात गाढी नदी आहे, पण टिटवीला तेवढं लांब जायची गरज पडत नसावी. बांधकामाच्या स्लॅबवर मारलेलं पाणी खाली साचतं, तिथेही काम होतं. ती त्यात पोट बुडवते, पिसं चिंब करते आणि परतून अंड्यांवर बसते. ओलावा सुकताना उष्णता घेऊन जातो. आपल्या माठाचं जे तंत्र, तेच हे. नर-मादी दोघंही पाळी लावून बसतात, आणि ऐन दुपारच्या कडाक्यात नर येऊन मादीला सोडवतो, असं निरीक्षकांनी नोंदवून ठेवलं आहे. दोघं दिसायला इतकी सारखी की माझ्या प्लॉटवर दुपारची पाळी कोण करत होतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

म्हणूनच, जवळ जाऊन मोबाइलवर फोटो काढणारा माणूस मला कुत्र्यापेक्षा धोक्याचा वाटतो. कुत्रं निघून जातं. हौशी माणूस दहा मिनिटं उभा राहतो, आणि त्या दहा मिनिटांत छत्री डोक्यावर आकाशात ओरडत फिरत असते. अंडी उचलणं तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हाच, पण नुसतं उभं राहणंही पुरेसं वाईट आहे.

पाहुण्यानुसार तिचं वागणं बदलतं. गाय चरत आली तर तिला अंडी खायची नाहीत, फक्त तिचा पाय पडेल. म्हणून टिटवी जागेवरून हलत नाही, पंख फडकन उघडून गायीच्या तोंडासमोर उभी राहते. गाय बिचकते, वळते. माणूस किंवा कुत्रं दुरून दिसलं तर ती गुपचूप उठून चालत लांब जाते आणि मग गळा काढते. कधी अंडी नसलेल्या जागी उगाच बसून दाखवते, कधी पंख मोडल्यासारखी फरफटत जाते. इंग्रजांना त्या ओरडण्यात ‘डिड ही डू इट’ असा सवाल ऐकू आला. आपल्याला तिचं नावच ऐकू आलं. संस्कृतातही ती टिट्टिभ.

पंचतंत्रातल्या टिटवीची अंडी समुद्राने नेली, तक्रार गरुडामार्फत विष्णूपर्यंत गेली आणि समुद्राला ती परत करावी लागली. टिटवी देखील समुद्र आटविते, ही म्हण आपण जिद्दीसाठी वापरतो. मला त्यात कुणीतरी केलेलं बारीक निरीक्षण दिसतं: हा पक्षी अंडी घालतो तीच मुळी कुणीही सहज नेईल अशा जागी. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जोरात, असंही म्हणतात. टिटव्या आता इमारतींच्या गच्चीवरही अंडी घालतात. मग दरवर्षी महापूर यायला हवा.

अंडी 28 ते 30 दिवसांत फुटतात, जवळपास एकाच वेळी. पिल्लू बाहेर येतं ते साळुंकीच्या पिल्लासारखं आंधळं, नागडं नव्हे. अंगावर ठिपकेदार लव, डोळे उघडे, आणि अंग वाळलं की काही तासांत पाय चालू. एवढं तयार होण्यासाठी आत शिदोरी लागते. अंडं मोठं असतं ते त्यासाठी. आईबाप भरवत नाहीत. किडा दिसला की पिल्लू स्वतःच टिपतं. आईबापांचं काम राखणीचं: इशारा आला की पिल्लू जिथे असेल तिथे सपाट पडतं आणि परत खडी होऊन जातं. उडायला अजून पाच-सहा आठवडे असतात.

माझ्या प्लॉटवर पिल्लं आली त्या संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला. थेंब सुरू होताच तिने आवाज दिला, आणि खडीतले चार खडे उठून तिच्याकडे पळाले. ती अर्धवट बसली, पंख थोडे फुगवले. दुर्बिणीतून पिल्लं दिसेनात, म्हणून मी पाय मोजले. दोन लांब पिवळे, आणि त्यांच्यामध्ये काड्यांसारखे आठ. दहा पायांचा तो पक्षी पाऊस थांबेपर्यंत जागचा हलला नाही.