घड्याळातील चिपांची ओळख

कर्जत-खालापूरच्या पावसात भिजून बंद पडलेले स्मार्टवॉच टाकून देण्याआधी त्याची बॅटरी सोडवून आतील सर्किट बोर्ड भिंगाखाली पाहावा. पहिला संशय मुख्य चिपवर घेतला जातो. बहुधा तो अन्यायच ठरतो. चिपवर ‘एन ५२८३२’ अशी अक्षरे दिसली, तर ती नॉर्वेच्या नॉर्डिक कंपनीची, गणनकार्य व ब्लूटूथ दोन्ही सांभाळणारी चिप होय. पाइनटाइम या घड्याळात तीच आहे. तिच्याजवळ ३२ मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो. आठ पायांची चिप बहुधा स्मृतीची असते. काही कारखानदार चिपवरील अक्षरे घासून टाकतात. अशा वेळी तांब्याच्या रेषांचा माग घ्यावा: अँटेनाकडून येणारी रेषा ब्लूटूथच्या चिपपाशी पोहोचते, तर बॅटरीच्या तारांकडून निघालेली जाड रेषा भारणाच्या चिपकडे जाते. हिरवट गंज प्रथम शोधावा तो इथेच.