पाव, बिस्किट आणि पंगत



स्मृतिव्याख्यानासाठी मी ब्रिटिशांच्या खाद्यपदार्थांचा विषय निवडावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. भाषेचा अभ्यासक भटारखान्यात कशासाठी शिरला, असेही कोणी म्हणेल. परंतु एखादा समाज दुसऱ्या समाजाकडून काय घेतो, काय नाकारतो आणि नाकारलेले पुढे कसे आपलेसे करतो, याच्या खुणा शब्दकोशात जितक्या सापडतात तितक्याच ताटातही सापडतात.

प्रारंभ ‘पाव’ या शब्दापासून करू. पाव म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून चार लाद्यांचा तो पाव, किंवा पायांनी मळतात म्हणून पाव, अशा व्युत्पत्ती आपण ऐकतो. त्या लोकांनी मागाहून रचलेल्या आहेत. पोर्तुगीज भाषेत भाकरीला ‘पांव’ असा सानुनासिक उच्चाराचा शब्द आहे; तोच आपल्याकडे आला. गोव्यात पाव भाजणारा तो ‘पोदेर’, हाही शब्द पोर्तुगीजच. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. गव्हाचे पीठ आंबवण्यास त्यांचे किण्व येथे मिळेना, तेव्हा माडाची सूर त्या कामी आली. बटाटा, काजू, अननस हे शब्दही त्याच वाटेने आले. ‘बिस्किट’, ‘केक’, ‘बेकरी’ हे शब्द मात्र इंग्रजीतले. म्हणजे आपल्या बेकरीच्या एकाच फळीवर दोन साम्राज्ये शेजारी शेजारी मांडलेली असतात. आपल्या अळणावरावरून लोंढ्याकडे आणि पुढे कॅसलरॉकवरून गोव्यात उतरणाऱ्या लोहमार्गाचीही हीच कथा. १८८८ मध्ये मुरगाव बंदराकडची वाट खुली झाली, तेव्हा घाटावर इंग्रजांची सत्ता होती आणि घाटाखाली पोर्तुगीजांची.

‘बिस्किट’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘दोनदा भाजलेले’. जहाजावर महिनोन्महिने टिकावे म्हणून भाकरीतील ओलावा पुनःपुन्हा भाजून काढीत. आज आपण जे बिस्किट खातो ते बहुधा एकदाच भाजलेले असते. उलट मराठीत ज्याला आपण ‘टोस्ट’ म्हणतो, ते खरोखरच दोनदा भाजलेले असते: आधी पाव, मग त्याच्या कापांची पुन्हा भाजणी. व्युत्पत्तीच्या न्यायाने आपला टोस्ट हेच खरे बिस्किट होय. शब्दांचे असे स्थलांतर भाषेत नेहमीच घडते.

आता इंग्लंडकडे वळू. घरोघरी भट्टी असलेला देश, अशी त्या देशाची प्रतिमा आपल्या मनात असते. वस्तुतः कित्येक शतके सामान्य इंग्रज कुटुंबाच्या घरात भट्टी नव्हती. गावच्या भट्टीवर किंवा भटाऱ्याकडे कणीक नेऊन भाजून आणावी लागे. म्हणूनच तेथे पुडिंगला एवढे महत्त्व आले. आरंभी जनावराच्या आतड्यात आणि सतराव्या शतकापासून कापडात बांधून ते चुलीवरच्या भांड्यात उकडता येई. बिडाच्या शेगड्या घरात आल्या, तेव्हा कोठे भाजकाम घरोघर पोहोचले. आपल्याकडेही चूल आणि तवा होता, भट्टी नव्हती. खाली-वर निखारे ठेवून पदार्थ भाजण्याची युक्ती आपल्या गृहिणींनाही ठाऊक होती. भेद बुद्धीचा नव्हता, साधनांचा होता.

पुण्याच्या लष्कर भागात ईस्ट स्ट्रीटवर १९५५ मध्ये इराणी कुटुंबाने कयानी बेकरी सुरू केली. तिच्या श्रूजबेरी बिस्किटांसाठी रांगा लागतात. श्रूजबेरी हे सेव्हर्न नदीकाठचे इंग्रजी गाव. त्याच्या नावाचा उच्चार कसा करावा, याबद्दल खुद्द तेथील लोकांचेही एकमत नाही. तेव्हा पुणेकरांनी तो आपल्या परीने केला तर बिघडले कोठे? या बिस्किटाची कृती १६५८ च्या एका इंग्रजी पाकपुस्तकात सापडते. तीत पीठ, लोणी, अंडी आणि साखर यांच्या जोडीला सुंठ आणि गुलाबपाणी आहे. सुंठ ही तर पूर्वेकडची वस्तू. जो पदार्थ आपण विलायती म्हणून घेतला, त्याच्या पोटात आपल्याच बाजूचा मसाला होता. भरपूर लोण्यामुळे पिठातील चिकट तंतू लांब होत नाहीत आणि बिस्किट तोंडात विरघळते, हे त्याचे मर्म. देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. आपली खिचडी इंग्रजांच्या न्याहारीत ‘केजरी’ झाली आणि तिच्यात मासा नि अंडे शिरले. हॅना ग्लास हिच्या १७४७ च्या पाकपुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीची करी आहे.

येथवरचा इतिहास गमतीचा वाटेल. परंतु आपल्या समाजात पावाचा तुकडा ही दीर्घकाळ गमतीची गोष्ट नव्हती. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा नावाची गुप्त संस्था स्थापन झाली. तिच्या चालकांत दादोबा पांडुरंग होते. १८३६ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण लिहिणारे तेच हे दादोबा. जातिभेद मानणार नाही याची खूण म्हणून सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. एक घास, पण तो उघडकीस आला तर घरदार, सोयरीक, श्राद्धपक्ष सारेच तुटण्याचे भय. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटल्याची वार्ता पसरली आणि सभा मोडली. व्याकरणाचे नियम धैर्याने बांधणाऱ्या माणसालाही पंगतीचा नियम उघडपणे मोडता आला नाही, हे आपण सहानुभूतीनेच समजून घ्यावे.

तीस वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध केली आणि पुण्यात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत त्या दिवसांतील घरातील ताण वाचावयास मिळतो. प्रश्न बिस्किटाच्या चवीचा नव्हता. ते कोणाच्या हातचे आणि कोणाच्या पंक्तीला बसून घेतले, हा होता.

मग हा अडसर दूर कसा झाला? सुधारकांचे श्रेय मोठे आहेच. परंतु रसायनशास्त्राचा आणि कारखान्यांचाही त्यात वाटा आहे. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी आणि किण्व दोन्ही सोसत नसत. तिच्यासाठी त्यांनी १८३७ मध्ये अंड्यावाचून होणारी कस्टर्ड पावडर आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली. एका इंग्रज गृहिणीच्या प्रकृतीसाठी शोधलेली ही चूर्णे अंडे आणि माडी वर्ज्य मानणाऱ्या आपल्या घरांत विनासायास शिरली. दुसरे साधन म्हणजे बंद डबा आणि पुडा. १९२९ मध्ये विलेपार्ले येथे उभा राहिलेला पार्ले यांचा कारखाना पुढे बिस्किटे करू लागला. तो २०१६ मध्ये बंद झाला, तरी तेथले बिस्किट खेड्यापाड्यांतील चहाच्या बशीपर्यंत आधीच पोहोचले होते. पुड्यातील बिस्किटाला करणाऱ्याचा हात दिसत नाही, म्हणून त्याची जातही कोणी विचारीत नाही.

येथे थोडे थांबून विचार करावयास हवा. विटाळ मनातून गेला, की केवळ दृष्टीआड झाला? पुड्यातील बिस्किट निःशंकपणे खाणारा माणूस शेजारच्या घरची भाकरी तितक्याच निःशंकपणे खातो काय? परमहंस सभेने विचारलेला प्रश्न कारखान्याने सोडविला नाही, बाजूला सारला. तो सोडविण्याची खरी जागा शाळा आहे. मधल्या सुटीत डबे उघडतात, तेव्हा जी पंगत बसते तिला कोणी शंकराचार्य विचारावे लागत नाहीत.

आपला हा मुलूख तर सरमिसळीचाच. ज्या धारवाडी पेढ्याचा आपण अभिमान बाळगतो, तो उत्तरेतील उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाने येथे रुजविला. आज त्याला परका म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. मराठी, कन्नड आणि कोंकणी या तिन्ही भाषा कानावर पडणाऱ्या घरांत पदार्थांची नावेही तिन्हींतली असतात. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, आई-आजींच्या हातच्या पाककृतींच्या वह्या रद्दीत घालू नका. त्यांतील शब्द जसेच्या तसे उतरवून शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. कोणता पदार्थ कोणाकडून शिकला, हे ठाऊक असेल तर तेही लिहा. कोणी कोणाच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकले, याची तीच नोंद असेल.