बहात्तरावा हिस्सा

ऐतिहासिक विमानांच्या प्रतिकृतींच्या खोक्यावर बहुधा १/७२ हा आकडा असतो. प्रत्यक्षातले ६ फूट म्हणजे इथे १ इंच. फूट-इंचांत मोजणाऱ्या ब्रिटनमध्ये हे प्रमाण १९३०च्या दशकात रुजलं. तिथल्याच ‘फ्रॉग पेंग्विन’ने १९३६मध्ये प्लास्टिकचे संच आणले, त्यांचं सेल्युलोज अ‍ॅसिटेट कालांतराने वाकडं होई. पुढे पॉलिस्टायरिन आलं आणि ती कटकट मिटली.

मधल्या काळात युद्धानेही या छंदाला कामाला लावलं. १९४२मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून याच मापाची ५ लाख लाकडी विमानं मागवली. काळी रंगवलेली ही विमानं पाहून सैनिकांनी शत्रूचं विमान नुसत्या आकारावरून ओळखायला शिकायचं होतं.

प्रतिकृतींचे संच बनवणाऱ्या ‘एअरफिक्स’ या ब्रिटिश कंपनीचं पहिलं विमान १९५३चं, अर्थातच महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, प्रतिकृतीत जेमतेम १५.६ सेंटिमीटर. इतक्या लहान मापात बारीकशी चूकही फार महाग पडते: पत्र्यांच्या सांध्याची खाच अर्धा मिलिमीटर रुंद झाली, तर खऱ्या पंखावर ती ३६ मिलिमीटरची फट ठरेल! जुन्या संचांवरचे टपोरे रिव्हेट म्हणूनच हास्यास्पद वाटतात (काही जुन्या खोडांना नेमके तेच आवडतात).

जोडणीचा सिमेंट हा नेहमीचा डिंक नव्हे. तो दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतो. वैमानिकाच्या पारदर्शक छताला मात्र झटपट चिकटणारा सुपरग्लू लावू नये. त्याच्या वाफेने ते पांढुरकं पडतं. तिथे साधा पांढरा फेव्हिकॉल उत्तम.