अंगणवाडी सेविकेची ‘भूमिका’ अभ्यासायची, म्हणजे नेमकं काय मोजायचं?

शिक्षणशास्त्र, समाजकार्य किंवा गृहविज्ञानात संशोधन करायचं ठरलं की एक विषय हमखास सुचतो : ‘अंगणवाडी सेविकांच्या भूमिका व जबाबदाऱ्यांचा अभ्यास’. विषय चांगलाच आहे. तीन ते सहा वर्षांच्या लाखो मुलांची पहिली शिक्षिका म्हणजे ही सेविका. तिच्या कामावर जितकं संशोधन होईल तितकं थोडंच.

अडचण येते ती पुढे. प्रश्नावली तयार होते. त्यात एक प्रश्न असतो, ‘आपण बालकांना पूर्वशालेय शिक्षण देता का? होय / नाही.’ आता तुम्हीच सांगा, कोणती सेविका ‘नाही’वर खूण करेल? मग टक्केवारी निघते, पाय-चार्ट काढला जातो आणि निष्कर्ष येतो की बहुतांश सेविका आपली जबाबदारी पार पाडतात. शेवटी शिफारस, ‘प्रशिक्षण वाढवावे.’ अशा अभ्यासातून ना सेविकेच्या हाती काही लागतं, ना मुलांच्या.

म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी ‘भूमिका’ या शब्दाकडे जरा नीट बघू या.

कागदावरची भूमिका

आधी इतिहास, थोडक्यात. बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बालशिक्षेचं काम सुरू केलं. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नसतील तर बालवाडीच पाड्यावर, त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यातली कल्पना. तिथे स्वच्छता आणि आरोग्य होतंच, पण मध्यभागी होतं ते मुलाचं शिकणं.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. योजनेच्या सेवा सहा : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण आणि आरोग्य व पोषण शिक्षण. लाभार्थी म्हणजे जन्मापासून सहा वर्षांपर्यंतची मुलं, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता. म्हणजे शिकवणं हा आता सहापैकी एक भाग झाला. लसीकरण आणि तपासणीत आरोग्य खात्याची माणसं असतात हे खरं, पण बायकांना निरोप देणं, बाळांना गोळा करणं, नोंदी ठेवणं हे सेविकेकडेच येतं.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाकडे या. या धोरणाने तीन ते आठ वर्षांचा ‘पायाभूत स्तर’ मानला आणि अंगणवाडीची तीन वर्षं त्यात धरली. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका, असंही सुचवलं. म्हणजे कागदावर ती पुन्हा ‘शिक्षिका’ होऊ लागली.

ही शब्दांची अदलाबदल नुसती कागदापुरती राहत नाही. सेविकेला मिळतं ते ‘मानधन’, ‘वेतन’ नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पूर्वशालेय शिक्षणाचा उल्लेख आहे आणि ते काम अंगणवाडीत चालतं, हा मुद्दाही त्यात विचारात घेतला गेला. म्हणजे बघा, ‘ती नेमकं काय काम करते’ या प्रश्नाच्या उत्तरावर एखाद्या बाईची म्हातारपणाची पुंजी ठरू शकते. तुमचा प्रबंध याच प्रश्नावर असणार आहे, हे लक्षात ठेवा.

भूमिका म्हणजे यादी नव्हे

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९५७ मध्ये ‘रोल-सेट’ ही संकल्पना मांडली. सोप्या भाषेत सांगायचं तर एका पदाशी एकच भूमिका जोडलेली नसते. त्या पदाभोवती वेगवेगळी माणसं असतात आणि प्रत्येकाची अपेक्षा वेगळी असते.

सेविकेभोवती कोण कोण आहे ते मोजा. मुलं, त्यांच्या आया, मदतनीस, पर्यवेक्षिका, बालविकास प्रकल्प अधिकारी, आशाताई, एएनएम सिस्टर, सरपंच, शेजारच्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक. आईला वाटतं मुलाला एबीसीडी यावी, कारण शेजारचा मुलगा इंग्रजी नर्सरीत जातो. अभ्यासक्रम म्हणतो खेळातून शिकवा, लिहायची घाई नको. पर्यवेक्षिकेला महिन्याचा अहवाल वेळेत हवा असतो. या सगळ्या अपेक्षा एकाच सकाळी, एकाच बाईकडे येतात.

मग होतं काय? याचं उत्तर मायकेल लिप्स्की यांच्या १९८० च्या ‘स्ट्रीट-लेव्हल ब्युरोक्रसी’ या पुस्तकात सापडतं. शिक्षक, पोलीस, समाजसेवक यांच्यासारख्या थेट लोकांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे काम नेहमीच वेळेपेक्षा जास्त असतं. त्यामुळे आज काय करायचं आणि काय उद्यावर ढकलायचं हे त्यांना रोज ठरवावं लागतं. लिप्स्की म्हणतात, लोकांच्या वाट्याला येणारं खरं धोरण या रोजच्या निर्णयांतूनच घडतं, मंत्रालयातल्या फाइलमधून नव्हे.

मग अंगणवाडीत उद्यावर काय ढकललं जातं? ज्याचा हिशेब कोणी मागत नाही ते. वजन, उंची, हजेरी, वाटलेला आहार हे आकड्यात बसतं आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकर अॅपमध्ये भरावंही लागतं. पण आज गोष्ट सांगितली का, कोपऱ्यात गप्प बसणारी मुलगी आज दोन वाक्यं बोलली का, हे कोणत्या रकान्यात भरणार? ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. निकृष्ट मोबाइल आणि इंग्रजीतलं अॅप, या त्यांच्या तक्रारी होत्या. त्या बातम्या संशोधकाच्या नजरेने पुन्हा वाचून बघा. सेविका आपल्या कामाचा वेळ कुठे जातो हेच सांगत होत्या.

एक प्रयोग, जो वाचायलाच हवा

या विषयावर एकच पेपर वाचायला वेळ असेल तर गनिमियन, मुरलीधरन आणि वॉल्टर्स यांचा तमिळनाडूतला अभ्यास वाचा. तो २०२४ मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त आला. त्यांचा प्रश्न साधा होता : अंगणवाडीत फक्त आणखी एक अर्धवेळ व्यक्ती दिली, जिचं मुख्य काम मुलांना शिकवणं, तर काय होतं? कोणत्या अंगणवाड्यांना ही व्यक्ती द्यायची हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. त्यामुळे ‘मुळातच चांगल्या अंगणवाड्या निवडल्या’ अशी शंका उरत नाही.

१८ महिन्यांनंतर काय दिसलं? शिकवण्याचा निव्वळ वेळ दुप्पट झाला. गणितात ०.२९ आणि भाषेत ०.४६ प्रमाण विचलनाइतकी वाढ झाली. शिक्षणाच्या प्रयोगांत ही वाढ चांगलीच मोठी मानली जाते. आणि गंमत म्हणजे खुरटेपणा आणि तीव्र कुपोषणाचं प्रमाणही या अंगणवाड्यांत कमी दिसलं. शिकवायला दुसरं कोणी आलं की पोषण आणि आरोग्याच्या कामाला सेविकेचे हात मोकळे होतात.

या एका वाक्यातल्या दोन शब्दांवर थांबा, कारण संशोधन वाचायला शिकणं म्हणजे अशा शब्दांवर थांबायला शिकणं. पहिला शब्द ‘निव्वळ’. नवी व्यक्ती आल्यावर जुन्या सेविकेने शिकवण्याचा वेळ कमी केला, तर तो वजा करूनच हिशेब करायला हवा. ‘नव्या व्यक्तीने इतके तास शिकवलं’ एवढंच मोजलं असतं तर आकडा फुगला असता. दुसरी गोष्ट, गुणांमधली ही वाढ ‘जी मुलं अंगणवाडीत टिकून राहिली’ त्यांच्यापुरती आहे. चार-पाच वर्षांची बरीच मुलं मध्येच खासगी नर्सरीत जातात. दोन्ही गटांतून सारखीच मुलं गेली नसतील तर तुलना तिरकी होते. लेखकांनी हे लपवलेलं नाही. त्यामुळे फायदा जास्त दिसत असेल ही शक्यता धरूनच त्यांनी खर्च आणि लाभाचा हिशेब मांडला, आणि तरीही लाभ खर्चापेक्षा बराच अधिक निघाला. तुमच्या प्रबंधातल्या ‘मर्यादा’ या प्रकरणात असं काही तरी असायला हवं. ‘वेळेअभावी नमुना लहान घेतला’ एवढं लिहून भागत नाही.

प्रशिक्षण निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. पण ‘शिकवत नाही’ आणि ‘शिकवायला वेळच उरत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि होय/नाही छाप प्रश्नावलीत त्या वेगळ्या दिसतच नाहीत. पहिल्या निदानावर उपाय म्हणून कार्यशाळा निघते. दुसऱ्यावर आणखी एक माणूस नेमावं लागतं. चुकीचं निदान केलं तर दोष सेविकेच्या माथी आणि नुकसान मुलाचं.

मग प्रश्न कसा मांडायचा?

‘भूमिका कोणत्या?’ हे सरकारी परिपत्रकात लिहिलेलं आहे, त्यासाठी पीएचडी नको. त्याऐवजी तीन गोष्टी शोधा.

पहिली, वेळ. मुलं आल्यापासून घरी जाईपर्यंत दर दहा मिनिटांनी नोंद करा : सेविका काय करतेय, कोणाबरोबर, आणि त्याच क्षणी मुलं काय करताहेत. शेवटचा रकाना लोक विसरतात. सेविका रजिस्टर भरत असताना मुलं खेळात रमलेली असू शकतात किंवा हाताची घडी घालून बसलेली असू शकतात. तिच्या कामाचा रकाना दोन्ही वेळी सारखाच भरला जाईल, मुलांची सकाळ मात्र वेगळी असेल. शिवाय दिवस निवडताना लसीकरणाचा दिवस, घरी न्यायच्या आहाराच्या वाटपाचा दिवस, मासिक बैठकीचा दिवस आणि साधा दिवस, असे सगळे घ्या.

दुसरी, अधिकार. दिवसाचा क्रम ती स्वतः बदलू शकते का? साहित्य संपलं तर विकत आणायचे पैसे कोणाकडे असतात? जबाबदारी तिची आणि निर्णय दुसऱ्याचा, असं कुठे कुठे आहे, याचीच यादी करा.

तिसरी, मदतनीस. सेविका अॅपमध्ये गुंतलेली असते तेव्हा मुलांजवळ कोण असतं? स्वयंपाक, झाडलोट, मुलांना घरून आणणं सांभाळून गाणी कोण म्हणून घेतं? आपल्या प्रबंधांच्या शीर्षकात मदतनीस नसते, म्हणून निष्कर्षातही येत नाही.

मुलाखतीतही ‘तुम्ही शिकवता का?’ असं विचारू नका. ‘ताई, काल सकाळी कुलूप उघडल्यापासून काय काय झालं ते क्रमाने सांगा’ असं विचारा. ठरलेली उत्तरं तिथे संपतात आणि खरा दिवस समोर येतो.

आणि तुम्ही स्वतः

प्रकल्प कार्यालयाचं परवानगीचं पत्र घेऊन गेलात की सेविकेच्या लेखी तुम्ही तपासणीला आलेला माणूस असता. पहिल्या दिवशी तक्ते भिंतीवर लागलेले असतील आणि मुलं नमस्कार करतील. तो दिवस ओळखीचा धरा, त्या नोंदी विश्लेषणात घेऊ नका. पर्यवेक्षिका शेजारी बसलेली असताना घेतलेली संमती ही संमती नव्हे, ती वेगळी आणि निवांत घ्या. एका पाड्यावर एकच अंगणवाडी असते. त्यामुळे सेविकेचं नाव बदललंत आणि पाड्याचं ठेवलंत, तर काहीच लपत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळेचा हिशेब तुम्हालाही लागू आहे. तुमची प्रश्नावली भरायला पाऊण तास लागत असेल आणि तुम्ही सकाळी अकराला गेला असाल, तर ते पाऊण तास मुलांच्या शिकण्यातले आहेत. मुलं घरी गेल्यावर, तिच्या सोयीने जा. शंभर अंगणवाड्यांत एकदा डोकावण्यापेक्षा पाच अंगणवाड्यांत आठवडाभर बसणं जास्त सांगून जातं, मार्गदर्शकांना ‘नमुना लहान आहे’ असं वाटलं तरी.

सिनॉप्सिस उघडण्याआधी एक करा. जवळच्या अंगणवाडीत परवानगी घेऊन एक पूर्ण सकाळ बसा, प्रश्न न विचारता. दर दहा मिनिटांची नोंद ठेवा. घरी येऊन ती नोंद आणि सहा सेवांची यादी शेजारी ठेवून वाचा. या दोन कागदांमध्ये जे अंतर दिसेल, तिथून तुमचा संशोधन प्रश्न सुरू होतो.