जुनीं अमेरिकन एंजिनें कशीं ओळखावीं?

मोटारीवरील नांव तेंच तिच्या एंजिनाचें नांव, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. जुन्या अमेरिकन मोटारींच्या बाबतींत ती पुष्कळदां खोटी ठरते. नीरेपलीकडील वालचंदनगर वसविणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें १९४७ पासून कुर्ल्यास मोटारी जुळविण्यास आरंभ केला. याच क्रायस्लरची परदेशांत पाठविण्यासाठीं केलेली डिसोटो डिप्लोमॅट ही मूळची प्लिमथच. मुखवटा मात्र निराळा. म्हणून एंजिनच वाचावयास शिकलें पाहिजे.

प्रथम स्पार्क-प्लग मोजावे. एका ओळींत सहा असल्यास ‘सरळ सहा’. दोन बाजूंस चार-चार असल्यास ‘व्ही-आठ’. मग झडपा पाहाव्या. हेड सपाट असून प्लग त्यांत वरून बसविलेले असतील, तर झडपा सिलिंडरांच्या बाजूस आहेत असें समजावें. प्लिमथ व जुनी फोर्ड या जातीच्या. माथ्यावर पत्र्याचें लांबट झांकण असून प्लग बाजूस असतील, तर झडपा वर आहेत. शेव्हरोलेट या जातीची.

आतां १९४६ ते १९४८ मधील तीन एंजिनांची तुलना करूं. प्लिमथ २१७.८ घन इंच, ९५ अश्वशक्ति, शेव्हरोलेट २१६.५ घन इंच, ९० अश्वशक्ति. फोर्ड व्ही-आठ २३९ घन इंच, १०० अश्वशक्ति. एक घन इंच म्हणजे सुमारें १६.४ घन सेंटिमीटर. या हिशेबानें लिटरमागें तिघांचीही शक्ति २५ ते २७ भरते! तेव्हां आठ सिलिंडर किंवा वरच्या झडपा आपोआप श्रेष्ठ ठरत नाहींत. वरच्या झडपांचा खरा लाभ मिश्रण अधिक दाबतां येण्यांत आहे. बाजूच्या झडपांवर ज्वलनाची जागा पसरावी लागते, म्हणून ती फारशी आकसतां येत नाहीं. पेट्रोल सुधारत गेलें तसा हा लाभ दिसूं लागला. १९४९ च्या कॅडिलॅकनें ३३१ घन इंचांतून १६० अश्वशक्ति काढली, आणि बाजूच्या झडपा हळूहळू मागें पडल्या.

हें ज्ञान केवळ हौसेचें नाहीं. केंद्र सरकारनें २०२१ सालीं ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यांत गाडी मूळ स्वरूपांत असावी, एंजिनांत मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. आपल्याकडे तर पेट्रोलच्या खर्चापायीं अशा अनेक मोटारींत डिझेल एंजिनें बसविलीं गेलीं. प्लगच्या तारांऐवजीं धातूच्या बारीक नळ्या दिसल्या, कीं तें डिझेल. फलटणनजीक कमिन्सच्या कारखान्यांत डिझेल एंजिनें होतात. तीं आम्हांस परकीं नाहींत. पण प्लिमथच्या बॉनेटखालीं डिझेल परकेंच.

अखेरची साक्ष क्रमांकाची. ब्लॉकच्या डाव्या अंगास, पुढील बाजूस, हेडच्या खालीं तो कोरलेला असतो. ‘पी १५’ नें आरंभ होत असल्यास प्लिमथ, ‘डी २४’ नें असल्यास डॉज. वाड्याच्या पडवींत धूळ खात असलेली आजोबांची मोटार भंगारांत देण्यापूर्वीं घांसलेटाचा बोळा घेऊन एवढीं अक्षरें अवश्य पुसून वाचावीं.