काट्यावरची एफआरपी आणि जिनिव्हाचा निकाल

गळीत हंगाम सुरू झाला की काट्यावर, ट्रॅक्टरच्या रांगेत, एक वाक्य हमखास कानावर पडतं : "आता काय खरं न्हाई. डब्ल्यूटीओनं एफआरपी बेकायदा ठरवलीय." एफआरपी म्हणजे सरकारनं उसाला बांधून दिलेला किमान दर. जिनिव्हाहून थेट तहसीलदाराला पत्र आल्यासारखं सांगतात. अनेक हंगाम ऐकतोय; आता कंटाळा आला.

गैरसमज चिवट आहे, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. 2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालानं भारताच्या ऊस-साखर धोरणाविरुद्ध जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत (डब्ल्यूटीओ) तक्रार केली. 14 डिसेंबर 2021 ला तिथल्या पंचमंडळाचा अहवाल आपल्या विरोधात गेला. शेतमालाच्या दराला द्यायचा आधार उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंतच, ही आपण सही करून मान्य केलेली मर्यादा 2014-15 पासून सलग पाच हंगाम ओलांडली, असं पंचांनी म्हटलं. भारताचा मुद्दा साधा होता : एफआरपी कारखाने देतात, सरकार नव्हे, मग हा सरकारी आधार कसा? पंचांनी तो मानला नाही. दर सरकारनं बांधून दिला, एवढं त्यांना पुरलं. वर करारातली तुलना 1986 ते 1988 च्या भावाशी. ऐकून ऊसकरी कपाळावर हात मारेल, पण हिशेबाची ही रीत करारातलीच आहे.

म्हणून एफआरपी रद्द झाली का? नाही. ती येते 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातून, आणि त्याच्या पाठीशी 1955 चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे, थकले तर 15 टक्के व्याज, हेही त्याच आदेशात. तो बदलायचा तर दिल्लीतच बदलावा लागेल. आंतरराष्ट्रीय करार आपोआप इथला कायदा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1980 मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलंय. कराराच्या अंमलबजावणीसाठी कायदा करायचा अधिकार संविधानाच्या कलम 253 नं संसदेला दिला आहे. पंचांच्या अहवालावर भारतानं अपील केलं. अपील ऐकणारं मंडळ, अमेरिकेनं नेमणुका अडवल्यामुळं, डिसेंबर 2019 पासून ठप्प आहे. अहवाल तसाच लटकलाय. निकालानंतर जाहीर झालेली पहिली एफआरपी क्विंटलला 305 रुपये होती, 2025-26 ची 355, दोन्ही 10.25 टक्के साखर उताऱ्याला.

खिशातलं घडी घातलेलं ऊसबिल काढा. टनेज आहे, दर आहे, कपातींचे रकाने आहेत. त्यात जिनिव्हाचा रकाना दाखवा, चहा माझ्याकडून.

एफआरपीला खरा धक्का बसला तो मुंबईहून. राज्य सरकारनं 21 फेब्रुवारी 2022 ला ती दोन टप्प्यांत द्यायचा निर्णय काढला. शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि 17 मार्च 2025 ला उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. काट्यावर यावर कुणी बोलत नाही.

"मग डब्ल्यूटीओला विचारतो कोण?" हेही चूक. तिथल्याच पेटंटच्या वादात भारत 1997 मध्ये हरला आणि 1999 ला संसदेनं पेटंट कायदा दुरुस्त केला. न ऐकल्यास जिंकलेला देश आपल्या मालावर जादा शुल्क लावायची परवानगी मागू शकतो.

असाच आणखी एक गैरसमज : "संसदेला विचारल्याशिवाय करार होत नाही." होतो. सही केंद्र सरकार करतं. संसद लागते ती कायदा बदलायचा असेल तेव्हा.

आणि कायदा कुठवर चालतो, याबद्दलचा हा एक : "कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तशीच चप्पल दाखवणाऱ्या इटलीच्या प्राडा कंपनीला मिलानमध्ये कोर्टात खेचा." कोल्हापुरी चपलेची नोंदणी भारतातली, तिचा कायदाही भारतातलाच. इटलीत संरक्षण हवं तर तिथल्या कायद्याचं दार ठोठावावं लागेल.