वाटेवरचे नळदुर्ग

हैदराबादेहून सोलापूर-पुण्याकडे जाणारी आपली मंडळी नळदुर्गावरून वर्षातून दोनदा तरी जात असतील. परंतु गाडी थांबवून किल्ल्यात शिरणारी थोडीच. लग्नाचा मुहूर्त गाठावयाचा असतो, मुले पेंगुळलेली असतात, आणि सोलापूर तर अवघे पंचेचाळीस किलोमीटर राहिलेले असते! म्हणून हा लेखनप्रपंच.

बोरी नदी येथे काळ्या पाषाणातून वळसा घेते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत, हिजरी १०२२ म्हणजे इ. स. १६१३ साली, मीर महंमद इमादीन ह्या स्थपतीने नदीवर आडवी भिंत घातली. त्यायोगे गडास पाण्याचा साठा मिळाला व पलीकडील रणमंडळाचा कोट मुख्य किल्ल्यास जोडला गेला. नवल पुढेच आहे. ह्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल काढला असून त्यास पाणीमहाल म्हणतात. अंधाऱ्या जिन्याने उतरून आपण सज्जात येतो. नदी भरली की पाणी भिंतीवरील दोन वाटांनी खाली कोसळते; लोक त्यांस नर व मादी म्हणतात. आत बसलेल्याच्या डोळ्यांपुढे पाण्याचा पडदा, वर नदी, आणि अंग कोरडे! ज्या बादशहाने 'किताब-ए-नवरस' ह्या गीतसंग्रहात सरस्वतीचे स्तवन केले, त्याच्या काळी तटबंदीतही अशी रसिकता उतरावी ह्यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही.

१८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपविला, तेव्हा कादंबरीकार मेडोज टेलर येथे अंमलदार होता. १८६० साली तो मुलूख परत मिळाला. पुढे १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेले भारतीय सैन्य ह्याच वाटेने हैदराबादेकडे आले. नळदुर्गाचे नाव निघताच आपल्यांतील काही घरांत वडीलधारी माणसे गप्प होत, काही घरांत उत्साहाने बोलू लागत. मुलांनी दोन्ही घरांच्या आठवणी ऐकाव्यात.

जवळच अणदूर गाव आहे. अणदूर व नळदुर्ग मिळून खंडोबा एकच! देव वर्षातील बहुतेक काळ अणदुरास राहतो आणि मार्गशीर्षापासून पौष पौर्णिमेच्या यात्रेपर्यंत नळदुर्गास येतो. देव नेताना दोन्ही गावचे मानकरी आपसांत लेखी करार करतात. देवाच्या मुक्कामावरून तंटा नको, म्हणून ही तजवीज; आमच्या मते पाणीमहालाइतकीच पाहण्याजोगी.

धबधबा मात्र बारमाही नव्हे. वरचे बोरी धरण भरून सांडले तरच तो वाहतो, तेव्हा निघण्यापूर्वी गावात चौकशी करावी. पायऱ्या शेवाळलेल्या असतात. मुलांचा हात सोडू नये, बंधाऱ्याच्या कडेस जाऊ नये. मुलांच्या खिशात खडू किंवा खिळा असल्यास तो गाडीतच ठेववून घ्यावा, कारण भिंतींवर नावे कोरणारे पूर्वीच पुष्कळ होऊन गेले आहेत. पाऊस नसेल तर उपळ्या बुरुजावर चढावे; तेथून सारा किल्ला व नदीचे वळण एका दृष्टीत येते.